जिम्नीवर अँटेना नेमका कुठे बसवावा?

पत्र

माझ्याकडे पाच दारांची जिम्नी आहे आणि हॅम रेडिओचा (हौशी वायरलेसचा) परवानाही आहे. व्हीएचएफ आणि यूएचएफ (सुमारे १४५ आणि ४३५ मेगाहर्ट्झ) अशा दोन्ही बँडवर चालणारा ५० वॉटचा मोबाइल सेट नुकताच घेतला. पावसाळ्यात सह्याद्रीतले घाट आणि पुढच्या उन्हाळ्यात स्पिती असा बेत आहे. सोबत मित्राची जुनी, कॅनव्हास टपाची थार असेल. ऑस्ट्रेलियातले व्हिडिओ पाहून पुढच्या बंपरवर फायबरग्लासचा लांब अँटेना लावावा असं वाटतंय. दुकानदार म्हणतो, मॅग्नेट बेस आणा आणि टपावर ठेवा. एक जुने हॅम म्हणतात, टपाला भोक पाडा, बाकी सगळं तात्पुरतं. घरचे मात्र नव्या गाडीला भोक पाडायचं नावही काढू देत नाहीत. त्यात टपावर कॅरिअरही बसवायचं आहे. जागा कोणती निवडू? आणि थारला पत्र्याचं टपच नाही, तिथे काय करायचं?

– एक वाचक, नाशिक

उत्तर

आधी थेट उत्तर. जिम्नीसाठी सगळ्यात चांगली जागा टपाचा मध्य, आणि त्यावर सुमारे ४९ सेंटिमीटरची साधी क्वार्टर-वेव्ह (तरंगलांबीच्या चतुर्थांशाएवढी) काडी. भोक पाडायचं नसेल तर टपाच्या कडेच्या पन्हळीला क्लॅम्प लावा. मॅग्नेट बेस जरूर घ्या, पण जागा पारखण्यासाठी. पुढचा बंपर तुमच्या कामासाठी सगळ्यात शेवटी येतो. मित्राच्या थारचं गणित वेगळं आहे, तिला अँटेनाच दुसऱ्या जातीचा लागेल.

तुमच्या पत्रात अँटेना आधी ठरलाय आणि जागा नंतर शोधली जातेय. हा क्रम उलटा करा. गाडीवर दिसणारी काडी हा अँटेनाचा अर्धाच भाग असतो. उरलेला अर्धा म्हणजे तिच्या बुडाखालचा पत्रा. काडीत जितका करंट वाहतो तितकाच परतीचा करंट पत्र्यात वाहतो. पत्रा अपुरा असेल किंवा एकाच बाजूला असेल तर तो करंट कोॲक्स केबलच्या (सेट आणि अँटेना जोडणाऱ्या जाळीदार केबलच्या) बाहेरच्या जाळीवरून वाहू लागतो. मग सेटच्या बॉडीला हात लावला की एसडब्ल्यूआरचा (अँटेनाकडून किती शक्ती परत येते ते सांगणाऱ्या मापाचा, १ म्हणजे उत्तम) काटा हलतो, बोलताना डॅशकॅम बंद पडतो, आणि समोरच्याला मात्र तुमचा आवाज खरखरीत येतो.

किती पत्रा लागतो? भारतात हॅमसाठी व्हीएचएफवर १४४ ते १४६ मेगाहर्ट्झ आहे. १४५ ला तरंगलांबी २.०७ मीटर येते, तिचा चतुर्थांश साधारण अर्धा मीटर. काडीच्या बुडापासून चहूबाजूंना निदान एवढा पत्रा असावा. जिम्नीची एकूण रुंदी १,६४५ मिलिमीटर. टप त्याहून अरुंद आहे, तरी मधोमध बसवलेल्या अँटेनाला दोन्ही बाजूंना अर्ध्या मीटरच्या आसपास पत्रा मिळतो आणि पुढे-मागे तर भरपूर. ४३५ मेगाहर्ट्झला सतरा-अठरा सेंटिमीटर पुरतात, म्हणजे यूएचएफची काळजीच नको.

टपाच्या मध्यावरून सिग्नल चारी दिशांना जवळजवळ सारखा जातो. अँटेना कडेला किंवा कोपऱ्यात सरकवला की तो ज्या दिशेला जास्त पत्रा पसरलाय तिकडे झुकतो. मागच्या डाव्या कोपऱ्यात बसवलेला अँटेना पुढे-उजवीकडे सगळ्यात जोरात बोलतो आणि मागे-डावीकडे कमी. हा फरक शहरात कळत नाही. घाटात, रिपीटर (तुमचा सिग्नल पकडून पुढे पाठवणारं केंद्र) अर्धवट पकडत असताना, वळणागणिक कळतो.

आता बंपरचं बघू. पुढच्या बंपरवर बसवलेल्या अर्ध्या मीटरच्या काडीचं टोक जेमतेम बोनेटच्या वर येतं. मागे इंजिन, काच, पूर्ण बॉडी. मागच्या दिशेला जाणारा सिग्नल अडतो आणि तुमच्या मागे चालणारी थारच तुम्हाला नीट ऐकू येत नाही. उपाय म्हणून लांब अँटेना लावला तर तो खडकाळ वाटेवर लपलपतो, ब्रॅकेटचं वेल्ड तडकवतो आणि ड्रायव्हरच्या नजरेसमोर सतत नाचत राहतो. शिवाय केबल इंजिनाशेजारून, फायरवॉलमधून (इंजिन आणि केबिनमधल्या पत्र्यातून) आत आणावी लागते. तिथे उष्णता आहे, चिखल आहे आणि इग्निशनचा गोंगाटही आहे.

ऑस्ट्रेलियात हे चालतं, कारण तिथली गरज निराळी. तिथल्या गाड्यांवर दिसतो तो यूएचएफ सीबी (सर्वसामान्यांसाठीचा रेडिओ), ४७६-४७७ मेगाहर्ट्झचा, कमाल ५ वॉटचा. तरंगलांबी ६३ सेंटिमीटर, त्यामुळे मीटरभर दांड्यात एकावर एक घटक रचून ६ डीबीआयच्या (गेन मोजायचं एकक) वर गेन, म्हणजे सिग्नलचा जोर, काढता येतो, आणि ते दांडे बहुधा ग्राउंडच्या पत्र्यावर अवलंबून नसलेले असतात. कांगारूंमुळे बुलबार आधीच लावलेला असतो आणि टपावर तंबू-कॅरिअर. समोर सपाट प्रदेश. आपल्याकडे १४५ मेगाहर्ट्झला तेवढाच गेन मिळवायचा तर दांडा तिपटीहून लांब होईल. दुसरी गोष्ट, केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाने डिसेंबर २०१७ मध्ये राज्यांना पत्र पाठवून बुलबार आणि क्रॅश गार्डवर कारवाई करायला सांगितलं आहे. एअरबॅगच्या सेन्सरसमोर जाड लोखंड ठोकणं तसंही धोक्याचं. अँटेनासाठी म्हणून बुलबार लावायचा विचार सोडूनच द्या.

जास्त गेनच्या अँटेनाचा मोह डोंगरात आवरावा. गेन म्हणजे नवी शक्ती नव्हे, असलेली शक्ती क्षितिजाच्या पातळीत दाबून पाठवणं. दिवे घाटाच्या किंवा कसाऱ्याच्या चढावर गाडी वर नाक करून उभी असते, तेव्हा तिचा तो चपटा झोत पुढे आकाशात आणि मागे जमिनीत घुसतो. रिपीटर बहुधा डोंगरमाथ्यावर, तुमच्या नजरेच्या वर असतो. क्वार्टर-वेव्हचा झोत उभा आणि रुंद आहे, गाडी वाकडी झाली तरी त्याला फारसा फरक पडत नाही. फाइव्ह-एट्थ वेव्हची (तरंगलांबीच्या पाच-अष्टमांशाएवढी) सव्वा मीटरची काडी सपाट पठारावर, सोलापूर-लातूरकडे, थोडी सरस ठरेल. पण जिम्नीची उंची १,७२० मिलिमीटर. त्यावर सव्वा मीटर म्हणजे जवळजवळ तीन मीटर झाले. आंब्याच्या फांद्या, गावातल्या लोंबत्या वायरी आणि सोसायटीचं तळघर या तिन्हींशी रोज सामना. ४९ सेंटिमीटरच्या काडीने हाच आकडा सव्वादोन मीटरच्या आत राहतो.

भोक, पन्हळ की चुंबक

भोकाची भीती अनाठायी नाही, पण ती जितकी वाटते तितकी मोठीही नाही. जुने हॅम सांगतात ते तांत्रिकदृष्ट्या बरोबर आहे. मधोमध, पक्का ग्राउंड, केबल पूर्ण आतून, पाणी शिरायला वाव नाही. वाईट पाडलेलं भोक मात्र दोन पावसाळ्यांत टप सडवतं. म्हणून पाडायचं तर असं पाडा.

आतला दिवा काढा. तिथून बॅटरीच्या उजेडात अस्तर आणि टपाचा पत्रा यांच्यामधली पोकळी दिसते. टपाला आडव्या पट्ट्या असतात, त्यांवर भोक येता कामा नये. बाजूंना, दारांच्या वर पडद्यासारख्या उघडणाऱ्या एअरबॅगा आहेत. अँटेना मध्यात असल्याने त्या आपल्या वाटेत येत नाहीत, पण केबल खाली आणताना येतात, ते पुढे सांगतो. एनएमओ पद्धतीच्या (टपाच्या भोकात आवळून बसणाऱ्या) माउंटला १९ मिलिमीटरचं भोक लागतं. मास्किंग टेप लावून मध्य दोनदा मोजा, सेंटर पंच मारा, ३ मिलिमीटरचं पायलट भोक पाडा, मग होल-सॉ (गोल भोक कापणारी करवत). कमी खोलीवर आपोआप थांबणारा, खास अँटेनासाठीचा होल-सॉ मिळाला तर उत्तम. नाहीतर बिटवर टेपची खूण करा आणि दाब हलका ठेवा, म्हणजे अस्तर फाटणार नाही. भोकाची कड गोल कानशीने साफ करा. मग पत्र्याच्या खालच्या बाजूला, जिथे माउंटचे दाते चावतात, तेवढीच कडी खरवडून लखलखीत करा. ग्राउंड तिथेच मिळतो. वरच्या बाजूचा रंग अजिबात खरवडू नका, कारण वर रबरी ओ-रिंग बसते आणि तिला गुळगुळीत रंगच हवा. कापलेल्या कडेला झिंक प्रायमर लावून वाळू द्या.

ड्रिलचा लोखंडी कीस टपावर आणि पन्हळीत पडतो. तो त्याच दिवशी, ओल्या फडक्याने पुसण्याआधी, व्हॅक्यूमने आणि मग कापडात गुंडाळलेल्या चुंबकाने उचला. रात्रीच्या दवात तो गंजतो आणि सकाळी पांढऱ्या टपावर तांबूस ठिपके उमटतात. ते पॉलिशनेही नीट जात नाहीत. भोकापेक्षा लोक या ठिपक्यांनी जास्त हळहळतात.

गाडी वॉरंटीत असेल तर काम सुरू करण्याआधी डीलरकडून लेखी विचारून घ्या. टपाच्या गंजाची वॉरंटी भोकामुळे नाकारली जाऊ शकते.

घरचे ऐकत नसतील तर जिम्नीला एक देणगी मिळालेली आहे, जी आजच्या बहुतेक गाड्यांना नाही. तिच्या टपाच्या दोन्ही कडांना जुन्या जीपसारखी पन्हळ आहे. पन्हळीला धरणारा क्लॅम्प घ्या, छोट्या ॲलन स्क्रूंचा. हे स्क्रू रंगाखालच्या पत्र्याला भिडायला हवेत. नुसते रंगावर दाबून बसले तर क्लॅम्प घट्ट वाटतो, पण ग्राउंड मिळत नाही. स्क्रू जिथे टेकतात तिथे आतल्या बाजूने टाचणीच्या डोक्याएवढा रंग काढा, आवळा, मल्टिमीटरने तपासा, आणि मग त्या ठिपक्यांवर बाहेरून ग्रीस किंवा प्रायमर लावा. जागा मागच्या दाराच्या जरा पुढे. फार मागे नेलात तर डिकीचं दार आणि स्टेपनी जवळ येतात, फार पुढे आणलात तर वाऱ्याचा आवाज कानाशी येतो. डावी बाजू निवडली तर रस्त्याच्या कडेच्या फांद्या लागतात, उजवी निवडली तर समोरून येणाऱ्या ट्रकच्या बाजूला काडी येते. घाटातल्या अरुंद वाटांचा विचार करता उजवी बाजू बरी, कारण करवंदाच्या जाळ्या आणि झुकलेल्या फांद्या रोज लागतात, ट्रक इतका जवळ क्वचित येतो. पन्हळीवरच्या अँटेनाचा सिग्नल पलीकडच्या बाजूला थोडा जास्त झुकेल. चालतं.

मॅग्नेट बेस टपाच्या मध्यावर ठेवला तर व्हीएचएफ-यूएचएफवर तो भोकवाल्या माउंटच्या अगदी जवळ पोहोचतो. चुंबक आणि पत्रा यांच्यातला रंगाचा थर कपॅसिटरसारखा काम करतो, त्यामुळे उघडा ग्राउंड लागत नाही. मग तोच कायम का ठेवू नये? कारण चुंबकाखाली धूळ जाते. लाल माती आणि कंपनं मिळून रंगावर गोल ओरखडा कोरतात, आणि पावसाळ्यात तिथे पाणी अडकतं. फांदी लागली की बेस घसरत जाऊन टपभर रेघ ओढतो किंवा केबलला लटकत दारावर आपटतो. ऑफ-रोडसाठी हा भरवसा पुरेसा नाही. पण कायमचं काही करण्याआधी मॅग्नेट बेस टपावर चार जागी ठेवून मोजमाप घेणं, यासारखा स्वस्त शहाणपणा दुसरा नाही. बेसखाली पातळ प्लास्टिकची फिल्म ठेवा आणि रोज उचलून पुसा.

डिकीच्या दाराच्या कडेला किंवा स्टेपनीच्या ब्रॅकेटवर लावायची कल्पना पुष्कळांना सुचते. टाळाच. स्टेपनीची लोखंडी रिम काडीच्या अगदी शेजारी येते आणि ट्युनिंग बिघडवते. शिवाय ते दार बॉडीला बिजागऱ्यांनी जोडलेलं असतं. बिजागरीत ग्रीस, रंग आणि गंज असतो, रेडिओच्या दृष्टीने तो जोड भरवशाचा नाही. करायचंच झालं तर दार आणि बॉडी यांच्यामध्ये चपट्या, विणलेल्या तांब्याच्या पट्टीचा जोड द्या, शक्य तितका आखूड. गोल वायर चालत नाही, उच्च फ्रिक्वेन्सीला रुंद पृष्ठभाग लागतो. आणि दार उघडताना दर वेळी केबल दुमडते, ती वर्षभरात आतून तुटते. बोनेटच्या कडेच्या ब्रॅकेटला हेच नियम लागू.

कॅरिअर

कॅरिअर आणि अँटेना यांचा निर्णय एकत्र घ्या. पूर्ण टप झाकणारं कॅरिअर आलं तर मधलं भोक वाया जातं. काडीचं बूड पट्ट्यांच्या गजात अडकतं, तिचा सगळ्यात जास्त करंट वाहणारा खालचा भागच लोखंडाने वेढला जातो. एसडब्ल्यूआर कदाचित जुळवता येईल, सिग्नल नाही जुळणार. शक्य असेल तर आखूड कॅरिअर बनवून घ्या आणि टपाची मागची ९० सेंटिमीटर ते एक मीटर जागा मोकळी ठेवा. त्या मोकळ्या तुकड्याच्या मध्यावर अँटेना. कॅरिअरवर जेरीकॅन किंवा जादा चाक ठेवायचं तर काडीपासून अर्ध्या मीटरच्या आत नको.

पूर्ण कॅरिअर हवंच असेल तर अँटेना कॅरिअरवर घ्या, पण दोन गोष्टी सांभाळून. एक, कॅरिअरला पावडर कोटिंग असतं आणि पायांखाली रबर असतं, म्हणजे ते बॉडीपासून तुटलेलं असतं. चारही पायांशी कोटिंग खरवडून विणलेल्या पट्टीने बॉडीला जोडा. कॅरिअर ॲल्युमिनियमचं आणि बोल्ट स्टीलचे असतील तर कोकणातल्या खाऱ्या हवेत तो जोड पांढरी भुकटी धरतो. स्टेनलेसचे बोल्ट, जोडणीची पेस्ट आणि पावसाळ्याआधी एकदा उघडून तपासणी. दोन, हे सगळं नको असेल तर हाफ-वेव्ह (अर्ध्या तरंगलांबीचा) अँटेना घ्या, साधारण एक मीटरचा. त्याच्या बुडाशी मॅचिंग कॉइल असते आणि त्याला खालचा पत्रा जवळजवळ लागत नाही. उंचीची किंमत मोजावी लागते, म्हणून मोडता येणारा बिजागरी बेस घ्या.

एलईडी लाइट बार लावणार असाल तर तो अँटेनापासून दूर ठेवा. स्वस्त बारच्या आतला ड्रायव्हर व्हीएचएफवर एवढा गोंगाट करतो की लांबचे स्टेशन गायब होतात. खरेदीआधी तपासता येतं: सेटचा स्क्वेल्च (खरखर दाबून ठेवणारं बटण) पूर्ण उघडा, बार चालू-बंद करा आणि मीटर बघा. यूएसबी चार्जर आणि डॅशकॅमही याच पद्धतीने तपासा.

केबल

अँटेना कुठे बसवायचा हे ठरवताना केबलची वाटही त्याच वेळी ठरवा. आरजी-५८ केबलमध्ये १४५ मेगाहर्ट्झला मीटरमागे सुमारे ०.२ डेसिबल जातं, ४३५ ला जवळपास दुप्पट. पाच मीटर केबल म्हणजे व्हीएचएफवर ५० वॉटचे ४० उरतात आणि यूएचएफवर ३० च्या वर थोडे. मॅग्नेट बेससोबत येणारी पेन्सिलच्या शिशासारखी बारीक केबल याहून वाईट. दारातून नेण्यापुरती अर्धा मीटर बारीक केबल आणि पुढे जाड, अशी जोडकेबल मिळते, पन्हळीच्या क्लॅम्पसाठी तीच घ्या. उरलेली केबल सीटखाली घट्ट वेटोळं करून ठेवू नका, कापून नवा कनेक्टर लावा. केबल अठरा फुटांचीच हवी, हा जुना समज सीबीच्या काळातला आहे. अँटेना ५० ओहमला जुळलेला असेल तर लांबीने फक्त तोटा वाढतो.

केबल आत घेताना ती दाराच्या रबरी बीडिंगच्या वरच्या कडेतून सरळ घुसवू नका. पाणी तिच्या अंगाने ओघळत थेट अस्तरात येतं. आधी बीडिंगच्या खाली उतरवून एक छोटा झोळ द्या, मग वर घ्या. पाणी झोळाच्या तळाशी ठिबकून जातं. दार जिथे सगळ्यात कमी दाबतं अशी जागा बिजागरीच्या बाजूला असते. दार मिटून कागदाची पट्टी ओढून बघा, जिथून ती सहज सरकते तिथून केबल न्या.

खांबातून केबल खाली आणताना पडदा-एअरबॅगच्या मागून न्या, तिच्यावरून किंवा तिला बांधून कधीही नको. एअरबॅग क्षणार्धात फुटते, वाटेतली केबल प्रवाशाच्या तोंडावर येते. ट्रिम काढायची माहिती नसेल तर हे एवढं काम डीलरकडच्या इलेक्ट्रिशियनकडून करून घ्या. बाहेर उघडा राहणारा प्रत्येक कनेक्टर आधी स्वतःलाच चिकटणाऱ्या रबरी टेपने आणि मग साध्या पीव्हीसी टेपने गुंडाळा, खालून वर. तसं केल्याने टेपचे पदर कौलांसारखे एकमेकांवर येतात आणि पाणी आत न जाता खाली ओघळतं. केबलच्या जाळीत एकदा पाणी शिरलं की तांबं काळं पडतं, आणि ती केबल फेकूनच द्यावी लागते.

सेटची वीज थेट बॅटरीवरून, बॅटरीच्या अगदी जवळ १५ अँपिअरचा फ्यूज. सिगारेट लायटरच्या सॉकेटवर ५० वॉटचा सेट चालवू नका.

मित्राची थार

कॅनव्हासच्या टपाखाली पत्रा नाही आणि रोल केजचे उभे पाइप आहेत. काडीला समांतर, अर्ध्या मीटरच्या आत उभा पाइप असेल तर तो सिग्नल ओढून घेतो आणि दिशा बिघडवतो. म्हणून अँटेना पुढच्या मडगार्डवर, विंडशील्डच्या चौकटीपासून शक्य तितका पुढे, आणि तिथे क्वार्टर-वेव्ह नको, हाफ-वेव्ह हवा. मडगार्ड लहान असला तरी हाफ-वेव्हला तो पुरतो, आणि मीटरभर उंचीमुळे करंटचा मुख्य भाग, जो हाफ-वेव्हमध्ये मधोमध असतो, बोनेटच्या वर राहतो. ब्रॅकेट ३ मिलिमीटरच्या स्टीलचा, खाली रुंद वॉशर, नाहीतर पत्रा चिरतो. स्प्रिंग बेस हवा, पण मऊ नको. मऊ स्प्रिंगवर काडी डोलते आणि समोरच्याला आवाज फडफडत ऐकू येतो.

या जागेचा तोटा असा की अँटेना माणसांच्या उंचीवर येतो. जिम्नीच्या टपाखाली बसलेल्यांना पत्र्याचा आडोसा आहे, थारमध्ये नाही. गाडीशेजारी कुणी मीटरभराच्या आत उभं असताना ५० वॉटवर बोलू नका. दोन गाड्यांमधल्या गप्पांना ५ वॉट पुरतात. बोलताना काडीला हात लागला तर चटका बसतो, हे सोबतच्या मुलांना आधीच सांगून ठेवा.

मोजमाप

बसवून झाल्यावर आधी मल्टिमीटर. काडी काढून कनेक्टरची बाहेरची कडी आणि गाडीची बॉडी यांच्यात रोध जवळजवळ शून्य यायला हवा (मॅग्नेट बेस सोडून). मधली पिन आणि कडी यांच्यात काहीही जोड दिसता कामा नये. काडी लावल्यावर मात्र काही अँटेना शॉर्ट दाखवतात, कारण त्यांची कॉइल ग्राउंडला जोडलेली असते. तो दोष नव्हे.

मग गाडी मोकळ्या मैदानात न्या. भिंत, लोखंडी फाटक, दुसरी गाडी जवळ नको, दारं बंद हवीत. ५ वॉटवर १४४.२, १४५ आणि १४५.८ ला एसडब्ल्यूआर घ्या, किंवा नॅनोव्हीएनए (अँटेना तपासायचं छोटं उपकरण) असेल तर पूर्ण आलेख काढा. १.५ च्या आत उत्तम, २ पर्यंत चालेल. खालच्या टोकाला कमी आणि वरच्या टोकाला जास्त येत असेल तर काडी लांब आहे. नवी काडी ५१ सेंटिमीटर ठेवून सुरुवात करा आणि दोन-दोन मिलिमीटर कापत या. ट्युनिंग एक मेगाहर्ट्झ वर सरकवायला साधारण साडेतीन मिलिमीटर कापावे लागतात. एकदम सेंटिमीटरभर कापलं तर पुढे निघून जाल. सगळीकडेच ३ च्या आसपास येत असेल तर काडीला हात लावू नका, ग्राउंड तपासा.

एसडब्ल्यूआर चांगला आला म्हणजे जागा चांगली, असं समजू नका. डमी लोडचाही (चाचणीसाठी अँटेनाऐवजी जोडायच्या रोधाचाही) एसडब्ल्यूआर १ येतो आणि तो काहीच प्रसारित करत नाही. जागेची खरी परीक्षा अशी. पाच-दहा किलोमीटरवरच्या ओळखीच्या हॅमला एस-मीटर (सेटवरचा सिग्नलचा जोर दाखवणारा मीटर) वाचायला सांगा. कमी पॉवरवर, सिग्नल जेमतेम पोहोचेल असा, गाडी आठ दिशांना तोंड करून उभी करा आणि दर दिशेला बोला. व्हीएचएफवर मीटरभर सरकलं तरी परावर्तनामुळे वाचन बदलतं, म्हणून दर दिशेला गाडी थोडी पुढे-मागे करून तीन वाचनं घ्या आणि त्यांची सरासरी धरा. मॅग्नेट बेस टपाच्या मध्यावर, मग उजव्या पन्हळीजवळ, मग कॅरिअरच्या जागेजवळ ठेवून हेच करा. एका रविवारच्या सकाळचं काम आहे. मध्य आणि पन्हळ यांत मीटरवर अर्ध्या एस-युनिटपेक्षा कमी फरक दिसला तर पन्हळ निवडा, घरचेही खूश आणि टपही शाबूत. एखाद्या दिशेला एक-दोन युनिटची खोल दरी दिसली तर ते आकडे कागदावर लिहून घरी दाखवा आणि भोकाचा विषय पुन्हा काढा.

पहिल्या खडकाळ वाटेनंतर, घरी पोहोचण्याची वाट न पाहता, तिथेच क्लॅम्पचे स्क्रू आणि काडीचा ग्रब स्क्रू ॲलन कीने परत आवळा. पहिल्या शंभर किलोमीटरच्या कंपनांत ते हमखास सैल होतात. डॅशबोर्डच्या कप्प्यात परवान्याची प्रत, एक जादा काडी, रबरी टेपचं बंडल आणि ती ॲलन की ठेवा. स्पितीत काडी मोडली तर दुकान सापडणार नाही. तेव्हा १४५ साठी ४९ सेंटिमीटर कापलेली २ मिलिमीटरची स्टेनलेस तार त्याच बेसमध्ये घट्ट बसत असेल तर ती घरूनच बनवून न्या, आणि निघण्याआधी तिच्यावरही एकदा एसडब्ल्यूआर मोजून घ्या.